शेतीचे नमुने कुठून घेतलेत, ते आधी विचारा

शिरपामाळाच्या आसपासच्या वनहक्क दाव्यांचे उपग्रह नकाशे करणाऱ्या एजन्सीचा माणूस भर बैठकीत म्हणाला, "२००५ ला इथं जंगलच होतं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." एका आजोबांनी विचारलं, "मग आमची नागली कुठं पिकत होती?" त्यांच्याकडे न बघताच त्याने पुढची स्लाइड लावली.

मी नकाशा निरखत होते. पिवळी, म्हणजे शेती, दिसत होती ती फक्त ओहोळाकाठची भातखाचरं. तिथंच लख्ख कळलं: यांनी सॉफ्टवेअरला शेतीचा नमुना म्हणून भातच दाखवलाय, वरकस दाखवलीच नाही. दाखवलं तेवढंच ते ओळखणार! उतारावर एक वर्ष नागली, मग वरई, मग खुरासणी, नंतर जमीन पडीक. पडीक वर्षांत झुडपं माजतात. त्यात चित्र मार्चमधलं. तेव्हा पानझडीचं रानही उघडं पडतं, शेत वेगळं काढणार कसं? नमुन्यांची फाइल मागितली, तर "सॉफ्टवेअर परवान्याचं आहे, तुमच्याकडे उघडणार नाही" म्हणून उडवून लावलं. जमीन लोकांची आणि हिशेब यांच्या कुलपात! हा राग अजून गेलेला नाही.

मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर मी सगळं नव्याने केलं. ते मोफत आहेच, पण त्यातली प्रत्येक पायरी कुणालाही तपासता येते, हे जास्त मोलाचं. लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रंही २००८ पासून मोफत आहेत. त्यात लँडसॅट-७ टाळा. ३१ मे २००३ च्या बिघाडानंतर त्यात रिकामे पट्टे येतात. लँडसॅट-५ घ्या, आणि वनहक्क दाव्यांसाठी निर्णायक असलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधीच्या चार-पाच वर्षांची, सुगीनंतरची. तेच पिक्सेल एका साली उघडे, पुढे हिरवे, पुन्हा उघडे दिसले की ती फिरती शेती. जंगल असं फिरत नाही.

हद्द मात्र यावरून ठरवू नका. एक पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. अर्ध्या एकराच्या प्लॉटला जेमतेम दोन येतात. धनी आणि शेजारी सोबत घेऊन जीपीएसने बांध चाला. सगळ्याच्या प्रती जपून ठेवा. उपग्रह चित्र हा फक्त पूरक पुरावा, इतर पुराव्यांची जागा ते घेत नाही, असं वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांतच आहे. जाणत्यांचे जबाब आवर्जून जोडा.

एजन्सी नेमलीच, तर मूळ चित्र, त्याची तारीख आणि नमुन्यांची फाइल देण्याचं करारातच लिहून घ्या. शेवटचा हप्ता त्या फाइली आपल्या लॅपटॉपवर उघडल्यावरच द्या.