प्रकाश सापळे व सौर पटलांसाठी छेडछाडरोधक स्क्रू : प्रकार, निवड आणि वापर

कोलकात्याचा हावडा पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलादाच्या या पुलाची जोडणी नट-बोल्टने नव्हे, तर रिव्हेटने केलेली आहे. लालबुंद तापवलेला रिव्हेट छिद्रात घालून त्याचे मोकळे टोक ठोकून पसरवले जाते आणि थंड होताना तो आकसून दोन्ही पत्रे घट्ट आवळतो. त्याला आटे नसतात, पाना बसेल अशा कडाही नसतात. तो काढायचा झाल्यास कापावा किंवा ड्रिलने पोखरावा लागतो. छेडछाडरोधक जोडणीचे हे जुने आणि भरवशाचे रूप होय.

याच हावड्याहून मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसकडे निघालेली ज्ञानेश्वरी एक्सप्रेस २८ मे २०१० रोजी मध्यरात्रीनंतर पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात रुळावरून घसरली व शंभराहून अधिक प्रवासी दगावले. रूळ आणि स्लीपर यांना जखडणाऱ्या स्प्रिंगसारख्या क्लिपा काढून टाकल्याचा आरोप केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपींवर ठेवला. ही क्लिप झटपट बसवता यावी अशीच घडवलेली असते. परंतु जे सहज बसते ते सहज निघतेही. रिव्हेट आणि क्लिप या दोन टोकांच्या मध्ये छेडछाडरोधक स्क्रूचे स्थान आहे. अधिकृत माणसाला तो उघडता यावा आणि इतरांना वेळ लागावा, एवढेच त्याचे काम. तो कुलूप नव्हे, विलंब आहे. हा भेद लक्षात न घेता केलेली खरेदी बहुधा वाया जाते.

शेतात नेमके काय पणाला लागते

सौर प्रकाश सापळ्याची चोरी झाली की हानीचा हिशेब पटल आणि बॅटरीच्या किमतीत केला जातो. कीड सर्वेक्षणाच्या दृष्टीने तो हिशेब अपुरा आहे. हुमणीचे उदाहरण घ्यावे. तिचे भुंगेरे मे-जूनमधील वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब व बाभळीवर जमतात, मीलनानंतर मादी पुन्हा जमिनीत अंडी घालते. सामूहिक नियंत्रणाची संधी याच काही आठवड्यांची असते. तिचे जीवनचक्र वर्षाचे असल्याने मेअखेरीस बॅटरी गेली आणि नवी मिळण्यास महिना लागला, तर त्या वर्षीची भुंगेऱ्यांची नोंद आणि नियंत्रण दोन्ही हातचे जाते. पुढची संधी पुढच्या वर्षी. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडू लागल्यावर अळीवर उपाय करणे किती कठीण व खर्चिक असते, हे ऊसपट्ट्यातील शेतकऱ्यांना सांगावयास नको.

(कामगंध सापळ्याला यातील काहीही लागत नाही. प्लास्टिकच्या नरसाळ्याची चोरी करून कोणाला फारसे काही मिळत नाही.)

प्रकार

साध्या षटकोनी माथ्याच्या बोल्टला १० किंवा १३ क्रमांकाचा पाना पुरतो आणि तो प्रत्येक दुचाकीच्या हत्यारपेटीत असतो. म्हणून माथ्याचा आकार बदलणे हा पहिला उपाय. पंचकोनी माथ्यामागील तर्क पाहण्यासारखा आहे. षट्कोनाच्या समोरासमोरच्या कडा समांतर असतात, म्हणून पान्याचे दोन जबडे त्यावर बसतात. पंचकोनाची कोणतीही कड दुसऱ्या कडेला समांतर नसते. त्यामुळे साधा किंवा मागेपुढे सरकणारा पाना त्यावर नीट पकड घेत नाही. त्रिकोणी माथ्याचेही तसेच. मात्र बाहेर आलेला कोणताही माथा पाइप पान्याने धरता येतो, ही या दोहोंची मर्यादा आहे. माथा खोलगट वाटीत बसवला तरच त्यांचा खरा उपयोग होतो.

दुसरा प्रकार एकदिशा स्क्रूचा. याच्या खाचेच्या कडा एका बाजूने उभ्या, तर दुसऱ्या बाजूने उतरत्या असतात. साध्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने तो आवळता येतो. उलट फिरवताना मात्र स्क्रूड्रायव्हर उतारावरून घसरतो. नामफलक, इशारा पाट्या, पत्र्याची झाकणे यांसाठी तो स्वस्त व पुरेसा आहे. बॅटरीच्या पेटीला लावू नये, कारण मालकालाही तो सहज काढता येत नाही.

बाजारात सर्वाधिक आढळतो तो मध्यभागी खुंटी असलेला स्क्रू. सहा पाकळ्यांच्या चांदणीसारख्या किंवा षटकोनी खळग्याच्या मधोमध बारीक दांडी उभी असते, त्यामुळे नेहमीची ॲलन की किंवा भरीव बिट आत शिरत नाही. टोकाला भोक असलेली बिट लागते. अशा बिटांचे संच आता हार्डवेअरच्या दुकानात आणि ऑनलाइनही मिळतात. त्यामुळे हा स्क्रू रिकामटेकड्या हातांना रोखतो, तयारीने आलेल्याला नाही. दोन छिद्रांचा माथा आणि तीन पात्यांची खाच यांचीही स्थिती साधारण अशीच आहे.

सर्वांत मजबूत म्हणजे तुटणाऱ्या माथ्याचा नट किंवा बोल्ट. त्याचा षटकोनी भाग ठरावीक ताणापर्यंत आवळला की गळ्यापाशी तुटून पडतो आणि मागे गुळगुळीत शंकू उरतो, ज्यावर पाना बसत नाही. हावडा पुलाच्या रिव्हेटचा हा जवळचा नातेवाईक. तो काढायचा तर कापणे किंवा पोखरणे आले आणि त्याचा आवाज रात्री दूरवर जातो. मोटारीच्या मिश्रधातूच्या चाकांना असते तशी सांकेतिक चावीची जोडणीही मिळते. तिची नक्षी आणि चावी जोडीने येतात. किंमत जास्त, पण उघडझाक शक्य.

गावातील फॅब्रिकेटर बोल्टच्या टोकावर वेल्डिंगचा टिपका देतो. तो टिकतो खरा, परंतु त्या जागचा जस्ताचा मुलामा जळतो आणि गंज तेथूनच सुरू होतो. ॲलन बोल्टच्या खळग्यात योग्य मापाची पोलादी गोळी ठोकून बसवणे हा त्याहून बरा घरगुती उपाय आहे.

निवड कशी करावी

निवड चोराकडे पाहून नव्हे, तर तो जोड किती वेळा उघडावा लागेल हे पाहून करावी. प्रकाश सापळ्यात तीन प्रकारचे जोड असतात. पटल चौकटीला आणि खांब पायाला एकदाच जोडला जातो. तेथे तुटणाऱ्या माथ्याचा नट योग्य. बॅटरी आणि नियंत्रक यांची पेटी वर्षा-दोन वर्षांतून उघडावी लागते. तेथे खुंटीचा स्क्रू किंवा सांकेतिक चावी. किडे जमा होणारे पात्र रोज रिकामे करावयाचे असते. तेथे हाताने फिरणारा पंखांचा नटच हवा. या पात्रालाही ‘सुरक्षित’ स्क्रू लावण्याचा उत्साह टाळावा. बिट हरवली की पात्र चार-चार दिवस उघडले जात नाही, मुंग्या किडे ओढून नेतात, उरलेले कुजतात आणि मोजणीचा आकडा निरर्थक ठरतो. चोरी न होताही नोंद गेली ती गेलीच.

सौर कृषिपंपांबाबत एक वेगळी काळजी आवश्यक आहे. पीएम-कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनांत पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते. त्यास न कळवता पटलाचे नट बदलल्यास दुरुस्तीच्या वेळी वाद होतो. पटलाच्या चौकटीस नवे छिद्र तर कधीच पाडू नये. हमी जाण्याचा धोका असतो. पटलामागील अनुक्रमांकाचे छायाचित्र काढून ठेवावे. तक्रार नोंदवताना आणि विम्याचा दावा करताना तेच कामी येते.

गंज

हावडा पुलाच्या खांबांच्या तळाशी असलेली पोलादी आवरणे पादचाऱ्यांच्या पान-चुन्याच्या पिचकाऱ्यांनी झिजली. २००७ नंतरच्या काही वर्षांतच सहा मिलिमीटरची जाडी तिनाच्याही खाली आल्याचे आढळले आणि त्यांवर फायबरग्लासची कवचे बसवावी लागली. पुलाच्या पोलादाची ही गत, तर आठ मिलिमीटरच्या स्क्रूची काय कथा! द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रणातील तांबे जस्ताचा मुलामा खाते. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये असे सांगितले जाते. अशा बागांत ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यामुळे ३१६ प्रत घ्यावी. स्टेनलेसचे आटे कोरडे आणि यंत्राने वेगात आवळल्यास एकमेकांत जाम होतात. थोडे वंगण लावून हाताने, सावकाश आवळावे. गंजलेला सुरक्षा स्क्रू चोरापेक्षा मालकालाच जास्त छळतो.

प्रत्येक गावात किंवा शेतकरी गटात एकाच मापाचे व प्रकारचे स्क्रू घ्यावेत. बिटा दोन ठेवाव्यात. एक सापळ्याची नोंद ठेवणाऱ्याकडे आणि दुसरी गटप्रमुखाकडे. दोन्ही कोणाकडे आहेत ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे. सोयीसाठी बिट सापळ्याच्या खांबालाच दोरीने बांधलेली आढळते, ती तेथून काढावी. नवे नट पहिल्या महिन्यानंतर एकदा तपासावेत, कारण वाऱ्याच्या कंपनाने चौकट बसते आणि ताण कमी होतो. तुटलेल्या माथ्याचा नट पुन्हा आवळता येत नाही, म्हणून त्याखाली स्प्रिंग वायसर आधीच घालावा. हुमणीग्रस्त भागात ही सारी कामे मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाच्या आधी उरकावीत.