तापवायचा सांधा, तार नव्हे

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात लाकडी तुळयांमधून तांब्याचे पाइप गेले आहेत. पुण्यात असताना पाण्याला आधी जीआय आणि पुढे सीपीव्हीसी पाहिलेले, तांब्याशी गाठ पडली ती इथे. कडाक्याच्या थंडीत पाइपातलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो. अशा आठवड्यात सगळ्या गावाला प्लंबर हवा असतो. तेव्हापासून लहानसहान सांधे घरीच डाखतो. त्यातले हे अनुभवाचे बोल.

१. नावावर जाऊ नका. दुकानात ज्याला अर्ध्या इंचाचा पाइप म्हणतात, त्याचा बाहेरचा व्यास पाच अष्टमांश इंच भरतो. लाल अक्षरांचा ‘एम’ पातळ, निळ्या अक्षरांचा ‘एल’ जाड. मी ‘एल’च घेतो.

२. कापायला करवत नको, चाकाचा पाइपकटर घ्या आणि दर फेऱ्याला थोडाथोडाच आवळा. कापल्यावर आतल्या बाजूला धारदार कड राहते, ती खरवडून काढायचा सगळ्यांना कंटाळा. पण ती राहिली तर पाणी तिथे उसळत राहतं आणि काही वर्षांत तांबं आतून झिजतं.

३. खरं काम ज्योत पेटवण्याआधीच होतं. पाइपाचं टोक पॉलिश पेपरने आणि फिटिंगची आतली बाजू तारेच्या ब्रशने लखलखीत होईपर्यंत घासा. नंतर तिथे बोटही लावू नका, बोटांचं तेल पुरेसं नडतं. मग दोन्हींना फ्लक्सचा पातळ हात ब्रशनेच द्या.

एवढी घासाघीस कशाला, असं वाटलं तर कल्हईवाला आठवा. आधी भांडं घासायचं, मग तापवायचं, नवसागर टाकायचा आणि तेव्हा कुठे कथील फिरवायचं. आमच्या फ्लक्सच्या डबीवर झिंक क्लोराइडच्या जोडीला अमोनियम क्लोराइड लिहिलेलं आहे, म्हणजे नवसागरच. डाखाच्या तारेत ९५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी. तांबट आळीतल्या माणसाला यातलं काहीच नवं वाटणार नाही.

४. जुन्या घराच्या फळीवर डाखाचं जुनं रीळ सापडलं तर ते पिण्याच्या पाण्याला वापरू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने अशा डाखाला नळकामात बंदी घातली.

५. पाइपात पाणी उरलं असेल तर सांधा होणार नाही. पाणी १०० अंशांवर उकळत राहतं आणि उष्णता खात राहतं, हा डाख वितळायला २३२ अंशांच्या वर जावं लागतं. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडा आणि काम संपेपर्यंत उघडाच ठेवा, वाफेला वाट हवी. तरीही थेंब येत राहिले तर इथले जुने प्लंबर पांढऱ्या पावाचा मऊ गोळा पाइपात खुपसतात. पाणी सुरू केलं की तो विरघळून निघून जातो. नळाच्या तोंडची जाळी मात्र आधी काढा, नाहीतर पाव तिथे अडकतो.

६. ज्योत तारेवर धरायची नाही. फिटिंगच्या जाड भागावर ज्योत फिरवा आणि तार पलीकडच्या बाजूने सांध्याला टेकवा. तांब्याच्या उष्णतेनेच ती वितळली पाहिजे. वितळली की ज्योत बाजूला. मधली फट इतकी बारीक असते की पातळ डाख तिच्यात आपोआप खेचला जातो, पाइप उभा असला तरी वरच्या दिशेने. अर्ध्या इंचाच्या सांध्याला अर्धा-पाऊण इंच तार पुरे. जास्तीचा डाख आत ओघळतो.

फ्लक्स काळा पडला तर समजा, फार तापलं. आता डाख गोळ्या होऊन घरंगळेल. सांधा सोडवून पुन्हा घासण्याला पर्याय नाही. म्हणूनच नवशिक्याने प्रोपेनवर शिकावं. पिवळ्या सिलिंडरचा गॅस जास्त तापतो आणि विचार करायला वेळ देत नाही.

७. तुळईवर पाण्याचा फवारा, मागे आगरोधक कापड, हाताशी अग्निशामक. लाकूड आत धुमसत राहू शकतं, म्हणून काम झाल्यावर अर्धा तास तरी तिथेच थांबा. बॉल व्हॉल्व्ह डाखताना तो पूर्ण उघडा ठेवा आणि ज्योत टोकाकडे ठेवा, आतल्या टेफ्लॉनला आच लागता कामा नये.

८. डाख थिजेपर्यंत पाइप हलवू नका आणि घाईने गार पाणी मारू नका. नंतर ओल्या फडक्याने फ्लक्स पुसा, राहिला तर त्या जागी तांबं हिरवं पडतं.

९. सांधा गळला तर वरून आणखी डाख थापून काही होत नाही. पाणी काढा, सांधा सोडवा, तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात. भिंतीच्या आतला सांधा मी करतच नाही. तिथे गळती महिनोन्‌महिने कळत नाही आणि ज्योतीमागे काय आहे तेही दिसत नाही. त्याला प्लंबरच बोलावतो, भले वाट पाहावी लागो.