अध्याय ६, श्लोक ३२ : मोर्चा संपल्यावर



आज ध्यानयोगातला बत्तिसावा श्लोक. भगवंत सांगतात की जो दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःवरून ओळखतो, तो श्रेष्ठ योगी. गीतेतला शब्द आहे आत्मौपम्य. मला लागतं तसं त्यालाही लागतं, इतकं सोपं. गंमत बघा, आसन कसं, नजर कुठे, आहार किती हे सगळं आधी सांगून झालंय. आणि मग योग्याची परीक्षा मात्र डोळे उघडल्यावर!

वाचायला छान वाटतं. माझं काय झालं ते सांगतो.

कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला म्हणून आमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा निघाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मोर्चाला गेलो. धाकधूक होती (ऑफिसमध्ये कुणी फोटो पाहिला तर?), पण गेलो. त्या मुलाची आई घोषणा देत नव्हती, नुसती बसून होती. बंदोबस्तावरची एक महिला कॉन्स्टेबल सकाळपासून उन्हात उभी. कुणीतरी तिला पाण्याची बाटली दिली, तिने घेतली. बाराव्या अध्यायातला ‘अद्वेष्टा’ मला तिथे थोडा कळला. राग त्या बाईंवर नव्हताच. बंद दाराआड मारलं तरी चालतं, या समजुतीवर होता.

घरी येऊन स्टेटस टाकलं. झोप मस्त लागली.

पंधरा दिवसांनी आमच्याच सोसायटीत गाड्या धुणाऱ्या मुलाला लॅपटॉप चोरीच्या संशयावरून पोलीस घेऊन गेले. ग्रुपवर अंगठेच अंगठे. रात्री साडेनऊला त्याची आई दारात. “दादा, तुम्ही शिकलेले. नुसतं सोबत चला.” त्या रात्री आमचं रिलीज होतं. म्हटलं, “मावशी, सकाळी बघतो,” आणि पाचशेची नोट पुढे केली. तिने घेतली नाही.

माहीत नव्हतं असंही नाही. मोर्चाच्या आधी सगळं वाचून काढलं होतं. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलंय की अटकेचा मेमो हवा, नातेवाइकाला कळवायला हवं. घटनेचं कलम २२ म्हणतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करा. २०२० मध्ये न्यायालयाने ठाण्यांत, अगदी लॉकअपमध्येही सीसीटीव्ही लावायला सांगितले. आणि मेमोवर साक्षीदाराची सही कुणाची? घरच्या माणसाची, नाहीतर त्या परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची.

परिसरातली प्रतिष्ठित व्यक्ती. म्हणजे मीच की! ती बाई नेमकं हेच मागायला आली होती, फक्त तिला कलम माहीत नव्हतं.

सकाळी सातला गेलो तेव्हा तो सुटून आला होता. एक कान सुजलेला. मेमो नाही, कारण कागदावर अटक झालीच नव्हती. लॅपटॉप मालकाच्या मेहुण्याच्या गाडीत सापडला. ग्रुपवर त्यालाही अंगठे.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या वकील काकू आणि मी, दोघांनी आपले नंबर वॉचमन, मावशी, ड्रायव्हर सगळ्यांना दिलेत. कुणाला नेलं तर कधीही फोन करा. आतापर्यंत एकदाच आला, रात्री अकराला. ठाण्यातल्या बाकावर दोन तास बसलो, मनात हरिपाठ. काही घडलं नाही. ठाणे अंमलदार नीट बोलले, चहासुद्धा विचारला. बाहेर कुणी बसलेलं नसतं तर असेच बोलले असते का, ते मला सांगता येणार नाही.

तो मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही. गाडी मात्र धुतो. मीही समजावायला गेलेलो नाही, सॉरी एकदा म्हणून झालंय.

आणि हे सगळं रोज जमतं असं अजिबात नाही. रिलीजच्या आठवड्यात फोन वाजला की अजूनही पोटात गोळा येतो, नको वाटतं. पण पुढच्याच श्लोकात अर्जुन देवाला हेच म्हणतोय: तू सांगतोस ते साम्य खरं, पण या चंचल मनात ते टिकेल असं मला दिसत नाही. उद्या तो ३३ वा श्लोक वाचू.

राम कृष्ण हरी.