प्रत्येक फिकट चट्टा कुष्ठरोगाचा नसतो

१९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. तेव्हापासून वर्धा जिल्ह्यात बधिर चट्टा म्हटला की कुष्ठरोगाची शंका येते, आणि ती यावीच. पण चट्ट्याला स्पर्श कळतो, कंबर-मांडीवर तो महिनोन्‌महिने टिकतो, मलमाने हटत नाही, अशा वेळी मी त्वचेच्या लिम्फोमाचाही विचार करतो. हा पांढऱ्या पेशींचा कर्करोग. तो संसर्गजन्य नाही. फ्रेंच डॉक्टर अलिबेर यांनी १८०६ साली त्याचे वर्णन केले. गाठी अळिंबीसारख्या दिसल्या म्हणून नाव पडले ‘मायकोसिस फंगॉइडिस’. बुरशीशी मात्र संबंध नाही. निदानासाठी त्वचेचा तुकडा तपासावा लागतो, कधी पुन्हापुन्हा. सुरुवातीलाच ओळखल्यास अतिनील किरणांच्या उपचाराने बहुधा चट्टे ओसरतात. म्हणून चट्टा लपवू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.