अजून झाडंच दिसतात तेव्हा

मिशनच्या शाळेत लागलीस, रविवारी संडेस्कूलही घेतेस, आणि चौथीतल्या एका मुलाला अजून धड वाचता येत नाही म्हणून हवालदिल झालीस, असं तुझ्या आईकडून कळलं. माझं सगळं आयुष्य नगर जिल्ह्यातल्या शाळांत गेलं. सुचतं ते सांगते, पटेल तेवढं घे.

त्या मुलाचा राग आला म्हणून आधी स्वतःला दोष देऊ नकोस. मार्काच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढ. चार हजार माणसं जेवली, सात टोपल्या उरल्या, आणि लगेच शिष्य तारवात बसून कुरकुरतात की आपल्याजवळ भाकरी नाहीत. येशू त्यांच्यावर एकामागून एक प्रश्नांची सरबत्ती करतो. त्यातला वैताग लपत नाही. पण तारू माघारी वळवून त्याने दुसरे, हुशार शिष्य शोधले नाहीत.

त्याला लागूनच बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. ती मी शिक्षिका म्हणून वाचायला लागले तेव्हा कुठे मला कळली. येशू त्या माणसाचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. चारचौघांच्या नजरेतून आधी बाजूला काढतो. तूही कच्च्या मुलाला वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नकोस. मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात, दहाच मिनिटं बसव. मग येशू हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? माणूस खरं सांगतो: माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. यावर येशू रागावत नाही, पुन्हा हात ठेवतो. आपल्या वर्गातली मुलं असं खरं सांगत नाहीत. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळ्या वर्गाचं एका सुरात ‘हो बाई!’ त्या ‘हो’वर कधी विश्वास ठेवू नकोस. ‘कुठपर्यंत आलं, कुठे अडलं?’ असं विचार. अर्धवट सांगणाऱ्या मुलाला शाबासकी दे, कारण पुढचा धडा त्या अर्ध्यापासूनच सुरू होतो.

आता जोडाक्षरांचं. संडेस्कूलमध्ये आपण पहिल्याच दिवशी ‘ख्रिस्त’ लिहायला देतो. एका शब्दात दोन जोडाक्षरं! मुलाने गडबडू नये तर काय करावं? आधी ‘येशू’, ‘देव’, ‘आई’ पक्कं होऊ दे. मग र-ची रूपं एकेक घे: प्रभूतला, स्वर्गातला, राष्ट्रातला, साऱ्यांतला. एक रूप बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस. आणि वचन पाठ झालं म्हणजे वाचन आलं, असं धरू नकोस. पाठांतर कानाचं असतं. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचार, लगेच कळेल.

दर महिन्याला त्याच्या हातचं एक पान तारीख टाकून ठेव. दिवाळीनंतर जूनचं पान काढून बघ. पुढच्या बाकावरच्या मुलीशी तुलना केलीस तर तुझी आशा आठवड्यात संपेल. त्याच्याच जूनशी केलीस तर बरीच टिकेल.

तो ‘मंद’ आहे असं ठरवण्याआधी साध्या गोष्टी तपास. फळा दिसतो का? ऐकू येतं का? सकाळी काही खाऊन येतो का? आईबाप ऊसतोडीला जात असतील तर दिवाळीच्या सुमारास गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. अशाला मागे पडलेला म्हणणं अन्याय आहे, तो वर्गातच नव्हता. तोंडी चलाख आणि लिहिताना अक्षरं उलटीपालटी करणारा असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घे. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रार्थना तर कर, पण ती चष्म्याच्या जागी नको. आणि वर्गात त्याचं नाव घेऊन ‘याला बुद्धी दे’ अशी प्रार्थना चुकूनही करू नकोस. ती चारचौघांत केलेली नालस्तीच होते.

आपल्या मंडळीत कुणी मागे पडलं की लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण देतात. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई ‘स्मृतिचित्रे’ लिहिते, पतीचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करते. खरंच आहे, पण प्रत्येक पोर लक्ष्मीबाई होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. बसची पाटी, औषधाची बाटली, घरी आलेली नोटीस आणि एखादं स्तोत्र त्याला स्वतःला वाचता आलं, तरी तुझा पगार वसूल झाला, असं मी म्हणेन. मोठ्या चमत्काराची वाट बघणारे शिक्षक लवकर थकतात.

लूकच्या शुभवर्तमानातला अंजिराच्या झाडाचा माळी आठव. तो मालकाकडे आणखी एक वर्ष मागतो, पण नुसतं थांबण्यासाठी नाही. आळं खणीन, खत घालीन, असं सांगून मागतो. वर्षभर तीच पद्धत तशीच रेटत राहिलीस तर ते वर्ष फुकट गेलं.

एवढं करूनही तुमच्या दोघांचं जमलं नाही तर? प्रेषित पौलाचं आणि त्याच्या सोबत्याचं, योहान मार्काचं, जमलं नव्हतं. सुवार्तेच्या प्रवासात मार्क पंफुल्यातून माघारी फिरला, म्हणून पौलाने त्याला पुन्हा बरोबर घ्यायला नकार दिला. पौलाचा दुसरा सोबती बर्णबा, त्याने घेतलं. पुढे तीमथ्याला लिहिताना पौलच मार्काला घेऊन ये म्हणतो, तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणतो. तेव्हा गरज पडली तर मुलाला काही दिवस दुसऱ्या बाईंच्या हाती दे. त्यात कमीपणा मानू नकोस, त्याची वही मात्र दर शनिवारी मागून बघत जा.