दिवाळीच्या कारभाराविषयी

वाई,
आश्विन शुद्ध द्वितीया

चि. श्रीधर यास आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोचले. यंदा दिवाळीला इंदूरहून ताई यजमान आणि मुलांसह, बेळगावहून मामा-मामी आणि गावाहून दादा-वहिनी अशी सारी मंडळी तुझ्याच पुण्याच्या बिऱ्हाडी मुक्कामास येणार, हे वाचून संतोष झाला; आणि पत्राच्या अखेरीस 'सुनीताला चार युक्तीच्या गोष्टी लिहून पाठव, म्हणजे तिची धावपळ कमी होईल' अशी जी विनंती तू केली आहेस ती वाचून थोडे हसूही आले. युक्तीच्या गोष्टी मी लिहिते, परंतु सुनीताला नव्हे, तुला. चकलीचे पीठ सैल का पडते आणि अनारसा तुपात का हसतो हे तिला माझ्याइतकेच ठाऊक आहे. तिची अडचण ज्ञानाची नाहीच.

आपल्या घरातील पुरुष कामचुकार आहेत असा आरोप मी कधी केलेला नाही. सांगितले तर तू मंडईतून झेंडूची फुले आणतोस, माळ्यावरचे डबे काढून देतोस, कंदिलाची वायर ओढतोस आणि पाहुण्यांना आणायला पहाटेसुद्धा स्थानकावर जातोस. परंतु हे सर्व 'सांगितले तर'. आणि घराला सण जड होतो तो कामाच्या राशीने तितका नव्हे, जितका ते सगळे एकाच माणसाने ध्यानात ठेवण्याने. नव्या पणत्या आदल्या दिवशी पाण्यात घातल्या नाहीत तर तेल पितात. दूधवाल्याला पाडव्यापर्यंत दोन लिटर जादा सांगून ठेवावे लागते. गॅसची टाकी नेमकी लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी संपण्याचा संभव असतो. वहिनींना मधुमेह असल्यामुळे त्यांच्या ताटाचा विचार वेगळा करावा लागतो. धाकटीला गेल्या वर्षीचे परकर-पोलके आखूड झालेले असते. यांतील एकही काम मोठे नाही. परंतु या सर्वांची टिपणवही जिच्या डोक्यात रात्रंदिवस उघडी असते, तिला पाटावर बसवून आयते जेवायला वाढले तरी तिचे लक्ष घासावर राहत नाही. तू हातभार लावतोस; तो चांगलाच. परंतु हाताखालचा मनुष्य आणि कारभारी यांत जो भेद आहे, तो इतकी वर्षे कचेरीत काढलेल्या तुला मी समजावून सांगण्याची गरज नसावी.

तेव्हा माझे पहिले सांगणे असे की, आजच एक साधी वही घेऊन तिच्यासमोर बस, तिच्या मनात जे जे आहे ते सगळे उतरवून घे, आणि त्यांतील काही खाती कायमची आपल्या नावे करून घे. 'मदत' म्हणून नव्हे, तर ती चुकली असता जबाब तूच द्यायचा अशा बोलीने. प्रवासाचे खाते तुझे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि ताईच्या परतीच्या तिकिटांविषयी तुझ्या पत्रात अक्षरही नाही, यावरून ते कोणाच्याच ध्यानात नाही असे मी समजते. औषधांचे खाते तुझे, कारण वहिनी तुझी आई आहे. पोस्तीचे खातेही तुझेच. घरी काम करणाऱ्या बाई, जिना झाडणारा, रखवालदार, पेपर टाकणारा मुलगा यांची पोस्त धनत्रयोदशीच्या आधी हातात पडली पाहिजे. त्यांच्याही घरी करंजीचे सारण करायचे असते, आणि सण सरल्यावर मिळालेल्या पैशांत रवा येतो पण दिवाळी येत नाही. भाऊबिजेला कामाच्या बाईंना पूर्ण दिवसाची रजा दे, आणि त्या दिवशीची भांडी कोण घासणार हे आदल्या रात्रीच ठरव.

पंचांग मात्र दोघांनी मिळून पाहावे. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंत सण कागदावर सहा दिवसांचा दिसतो, परंतु तिथींचा क्षय आणि वृद्धी यांमुळे तो कधी आखडतो, कधी लांबतो. 2023 साली नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन ही दोन्ही 12 नोव्हेंबरला, रविवारी, आली आणि पाडवा एकदम 14 तारखेला. अभ्यंगाची पहाट आणि पूजेची संध्याकाळ एकाच दिवशी पडल्यामुळे त्या रविवारी पुष्कळ घरांतील गृहिणींची कंबर मोडली, आणि मधला सोमवार मोकळा सापडला तो बहुतेकांनी पाहुणचाराच्या नव्या बेतांनी भरून टाकला. असा मोकळा दिवस पंचांगाने दिलाच, तर तो मोकळाच ठेवावा.

आता मुलांविषयी. ईशान नऊ वर्षांचा आणि मुक्ता पाच वर्षांची. या वयाची मुले सणात पायांत येतात, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते; पण त्यांना करण्यासारखे काही दिलेले नसते म्हणून ती पायांत येतात. लुटुपुटूचे काम मुले ताबडतोब ओळखतात. चकलीच्या पिठाचा चिमूटभर गोळा हाती देऊन 'जा, बाहेर खेळ' म्हटल्याने कोणाचेच समाधान होत नाही. ज्यावाचून खरोखर अडेल असे काम त्यांना द्यावे. उदाहरणार्थ अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, दररोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी निथळून सावलीत पंच्यावर पसरायचे आणि हाताला दमट लागत असतानाच कुटून बारीक चाळणीने चाळायचे. मग किसलेला गूळ मिसळून, तुपाचा हात लावून त्याचे गोळे डब्यात भरून ठेवायचे, आणि पाच-सहा दिवसांनी ते खसखशीवर थापून मंद आचेवर, न उलटता, वरून तूप उडवीत तळायचे. या दीर्घ व्यवहारात पाणी बदलण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलाकडे निर्धास्त सोपवता येते. तीन दिवस सकाळी उठल्याबरोबर त्याने पातेल्यापाशी जावे, वरचे पाणी ओतावे, तांदूळ हलक्या हाताने चोळून नवे पाणी घालावे. एक दिवस चुकला तर तांदळाला उग्र वास येतो, हे त्याला आधी सांगावे आणि नंतर आठवण करू नये. ताटात अनारसा पडेल तेव्हा त्या जाळीत आपलाही वाटा आहे हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. तोच सर्वांना सांगत सुटेल, आणि ते तुम्ही चार दिवस सोसावे.

किल्ल्याच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी बाळग. विटा, दगड, गोणपाट आणि लाल माती जमवून ईशान आठ दिवस आधीपासून कामाला लागेल, कारण अळीव पेरून तटाखाली हिरवळ दिसायला चार-पाच दिवस जावे लागतात. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून मावळे आणि सिंहासनावरचे महाराजही येतील. मग इंदूरची भावंडे येऊन पाहतात तो किल्ला पुरा झालेला, आणि त्यांच्या वाट्याला फक्त 'हात लावू नका' एवढा हुकूम! दिवाळीतली बहुतेक भांडणे येथून उद्भवतात. याकरिता एक बुरूज, तळे आणि वाघाची गुहा ही बांधकामे पाहुण्या मुलांसाठी राखून ठेवावी, आणि तसा करार ईशानशी आताच, माती कालवण्यापूर्वी, करावा. एवढे करूनही भांडण व्हायचे ते होईलच. त्या वेळी तू मुन्सफ होऊन साक्षीपुरावे घेत बसू नकोस. विशेषतः ताईच्या देखत आपल्या मुलाला शिक्षा करून आपले निःपक्षपातीपण सिद्ध करण्याचा जो मोह यजमानाला होतो, तो टाळ. दादांना खुर्ची टाकून किल्ल्याजवळ बसव. त्यांना दुपारचा उद्योग मिळेल आणि मुलांना किल्लेदार.

चतुर्दशीच्या पहाटेचा बंदोबस्त हा स्वतंत्र विषय आहे. न्हाणीघर एक, माणसे दहाच्या वर, आणि सूर्योदयापूर्वी सर्वांची स्नाने झाली पाहिजेत असा वहिनींचा कटाक्ष! त्यात काही गैर नाही, परंतु चार मुलांना एकदम उठवून, अंगाला तेल चोपडून, थंडीत रांगेने उभे करण्यात कोणते पुण्य आहे ते मला उमगत नाही. मोठ्यांनी आधी उरकावे; मुलांना दोघादोघांनी उठवावे; तेल आजीने लावावे, कारण ते काम घाईच्या हाताने होत नाही; उटणे वाटीत कालवून आणि कारीट उंबऱ्याशी मांडून रात्रीच ठेवावे. पहिला फटाका कोणाचा, ही स्पर्धा तुझ्या लहानपणी पहाटे चारपासून चाले, हे मला आठवते. आता रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके उडवू नयेत असा सर्वोच्च न्यायालयाचा 2005 सालचा निर्णय आहे. आणि पुण्यात त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवत असल्यामुळे, तो निर्णय आणि हौस या दोहोंना पुरेल एवढा अर्धा तास मुलांच्या हाती उरतोच. खालच्या मजल्यावर तान्हे मूल आहे असे सुनीता मागे म्हणाली होती; तेव्हा त्या अर्ध्या तासातही फुलबाज्या आणि भुईनळे यांवर भागवता आले तर पाहा.

पहाटे उठलेले मूल दुपारी रडते. ही गोष्ट इतकी उघड असूनही दर वर्षी तिचे सर्वांना नवल वाटते आणि दोष मात्र 'हट्टी झाली आहे हल्ली' म्हणून मुलीच्या माथी मारला जातो. दुपारी दोन तास घर निजले पाहिजे. त्या वेळी कोणाकडे फराळाला जाणे नाही, कोणाला बोलावणे नाही. ज्यांना झोप येत नाही त्यांनी अंक वाचावेत. का. र. मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाने फराळाबरोबर वाचनही सणात धरले आहे, आणि मुलांकरिता बालभारतीचा 'किशोर' 1971 पासून आहेच. सायंकाळी सातला मुलांच्या ताटात वरण-भात आणि तूप पडलेच पाहिजे. दिवसभर शंकरपाळे, चिवडा आणि मामांनी आणलेला बेळगावी कुंदा चालतच राहणार. ते बंद करता येत नाही आणि करूही नये, पण भाताची वेळ ढळू देऊ नकोस. पाहुण्यांपैकी कोणी 'आजच्या दिवस असू दे' म्हणाले तर नकार तू दे. तो सुनीताने दिला तर त्याची चर्चा इंदूरपर्यंत होते. तू दिलास तर त्याला शिस्त म्हणतात. हा न्याय नव्हे, पण वहिवाट आहे, आणि तिचा उपयोग करून घेण्यास हरकत नाही.

पाहुण्यांनाही कामे दे. मामींच्या हाताला करंजीची मुरड जशी येते तशी आपल्या घरात कोणालाच येत नाही. त्यांना नुसत्या दिवाणखान्यात बसवून ठेवणे हा आदर नसून उपेक्षा आहे. मात्र ताईला दोन दिवस काही सांगू नकोस. माहेरपणाला आलेल्या बाईला उशिरा उठण्याची मुभा असावी, आणि ती तिला स्वतःहून घेता येत नाही, कोणीतरी द्यावी लागते.

हे लिहिता लिहिता जी गोष्ट अनेक वर्षे माझ्या मनात आहे तिच्याकडे वळते. भाऊबिजेला तू पाटावर बसतोस, ताई तुला ओवाळते, तू तबकात ओवाळणी घालतोस, आणि हा सारा सोहळा ज्या स्वयंपाकावर उभा असतो तो सुनीता करते. सुनीताचा भाऊ साताऱ्यात आहे. पुण्याहून सातारा काही परमुलूख नव्हे. तरी तिची भाऊबीज 'पुढच्या रविवारी जमलं तर' अशी दर वर्षी तहकूब होते, आणि तो रविवार सहसा उगवत नाही. ती याविषयी काही बोलत नाही, म्हणून तिला काही वाटत नाही असा समज तू करून घेतला असशील तर तो सोड. यंदा एक तर तिच्या भावाला सहकुटुंब त्या दिवशी आपल्याकडे बोलाव, आणि स्वयंपाक तू, मामा आणि ताईचे यजमान मिळून करा; मसालेभात आणि कढी कोणालाही जमते. नाहीतर सकाळचे ओवाळणे आटोपताच तिला आणि मुलांना साताऱ्याच्या गाडीत बसवून दे व घर तू सांभाळ. कोणता मार्ग धरायचा हे तिला विचार, परंतु प्रश्न तू काढ. मुक्ता आणि ईशान यांना त्या दिवशी आणखी एक काम सांग: महर्षी कर्व्यांच्या संस्थेच्या भाऊबीज निधीचे पावतीपुस्तक घेऊन कोणी दारी आले, तर आपल्या खाऊच्या पैशांतील एक नोट त्यांनी स्वतःच्या हाताने द्यावी आणि पावतीवर आपले नाव लिहून घ्यावे. मुक्ताला आता वाचता येऊ लागले आहे. छापील कागदावर आपले नाव वाचण्यात तिला मोठा आनंद वाटेल.

मी धनत्रयोदशीला दुपारच्या एस.टी.ने येते आहे. माझ्या नावे कोणते खाते टाकले आहे ते वहीत लिहून ठेव. तळणाजवळ मला आता फार वेळ उभे राहवत नाही. वाती वळणे, सारणाचे खोबरे किसणे आणि रात्री मुलांना गोष्ट सांगून निजवणे एवढे मी बिनबोभाट करीन.

दादांस व वहिनींस सा. न. वि. वि. सुनीतास व मुलांस आशीर्वाद. कळावे, हे आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. सोऱ्याची चकलीची ताटली गेल्या वर्षी वापरून झाल्यावर शेवेच्या ताटल्यांबरोबर न ठेवता कोणीतरी हत्यारांच्या डब्यात टाकली आहे. तो डबा तुझा आहे. शोधून, घासून ठेव.