मागल्या सालचे पंचांग

आमच्या शेजारी एक आबा राहतात. वय साठीच्या पुढे. अडीच एकर जमीन, त्यात सोयाबीन. गेल्या दोन हिवाळ्यांत ते आमच्या रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले. अजून बोट ठेवून वाचतात, पण वाचतात.

२०२५ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. पेरणी आटोपली होती. आबा नातवाला म्हणाले, "पोरा, पीक विम्याला औंदा किती पैसं लागत्यात? इचार तुझ्या त्या मोबाइलला."

नातवाने मोबाइलमधल्या बोलक्या यंत्राला विचारले. यंत्राने लगेच गोड आवाजात उत्तर दिले, "महाराष्ट्रात शेतकऱ्याला पीक विम्यासाठी फक्त एक रुपया भरावा लागतो."

आबा खूश झाले. विम्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी खताच्या दुकानात देऊन टाकले. चार दिवसांनी एक रुपया खिशात घालून सेवा केंद्रात गेले. तिथली मुलगी म्हणाली, "आबा, एक रुपयाचा विमा बंद झाला. आता हप्ता भरावा लागतो."

आबा तसेच माझ्या ओसरीवर आले. म्हणाले, "गुरुजी, मशीन खोटं बोललं!"

मी म्हटले, "आबा, ते खोटे नाही बोलले. ते शिळे बोलले."

शिळे म्हणजे काय?

आपल्या घरी खुंटीला पंचांग असते. मागल्या सालचे पंचांग काही खोटे नसते. ते त्या सालापुरते खरेच होते. पण ते पाहून कोणी यंदाची एकादशी धरील काय? धरली तर उपास चुकेल.

विम्याचे तसेच झाले. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि त्याच्या वाट्याचा बाकी हप्ता राज्य सरकारने भरायचा, असा नियम होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. मग शेतकऱ्याचा वाटा पुन्हा ठरला तो असा : खरिपाच्या धान्याला व तेलबियांना विम्याच्या रकमेच्या शेकडा २, रब्बीला शेकडा दीड, आणि कापूस-कांदा अशा नगदी पिकांना शेकडा ५.

समजा, विम्याची रक्कम ५०,००० रुपये आहे. तर सोयाबीनला १,००० रुपये लागतील आणि कापसाला २,५०० रुपये. कुठे एक रुपया आणि कुठे हजार!

मग यंत्राने एक रुपया का सांगितला? कारण त्याने वाचले ते २०२५ च्या आधीचे होते.

यंत्र शिकते कसे?

या यंत्राला लोक एआय म्हणतात. मराठीत कृत्रिम बुद्धिमत्ता. म्हणजे माणसाने बनवलेली बुद्धी. चॅटजीपीटी हे असेच एक यंत्र. ते २०२२ सालच्या नोव्हेंबरात लोकांच्या हाती आले.

अशा यंत्राला आधी खूप मजकूर वाचायला देतात. पुस्तके, वर्तमानपत्रे, इंटरनेटवरची पाने. माणसाला जन्मभर वाचून संपणार नाही इतका. त्यावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो, कोणत्या प्रश्नाला कसले उत्तर शोभते, हे ते शिकते. मग एक दिवस वाचन थांबते. त्या दिवसापर्यंतचे त्याला ठाऊक असते. पुढचे ठाऊक नसते.

त्यात आणखी एक खोड आहे. ठाऊक नसले तरी ते गप्प बसेलच असे नाही. शोभेल असे उत्तर जुळवून सांगते. आवाज तोच. ठसका तोच.

याने मोठमोठी माणसेही फसली आहेत. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका कोर्टात विमान कंपनीविरुद्ध दावा चालू होता. एका वकिलाने या यंत्राला जुने निकाल विचारले. यंत्राने निकाल दिले. नावे, साल, सगळे दिले. वकिलाने विचारले, "हे निकाल खरे ना?" यंत्र म्हणाले, "खरे." ते कोर्टापुढे ठेवले. शोधून पाहिले तर तसे निकाल कधी झालेच नव्हते! न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. वकील म्हणाला, "हे यंत्र शोध घेऊन सांगते, असे मला वाटले." पण ते शोध घेत नव्हते. मनचे सांगत होते.

यंत्राच्या हाती अवजार

शेतकरी कितीही हुशार असो, हाती पाभर नसेल तर पेरणी कशी करील? यंत्राचेही तसेच. त्याला शोधाचे अवजार द्यावे लागते. २०२३ ते २०२५ या काळात बड्या कंपन्यांनी आपापल्या यंत्रांना ते देऊ केले.

हे अवजार कसे चालते? मी हेडमास्तर होतो, तेव्हाचे सांगतो. एखादा नियम बदलला की काय, अशी शंका आली म्हणजे मी खुर्चीवरून उठत नसे. शिपायाला चिठ्ठी लिहून देई : "अमुक विषयाचे या सालचे कागद आण." शिपाई तालुक्याला जाई. कागद आणून टेबलावर ठेवी. मी ते वाची आणि मग मास्तरांना सांगे.

यंत्र असेच करते. आपण प्रश्न विचारतो. यंत्र ठरवते, हे मला ठाऊक आहे की शोधावे लागेल. शोधायचे तर ते चार शब्दांची चिठ्ठी लिहिते. दुसरे एक यंत्र, आपला शिपाई म्हणा ना, ती चिठ्ठी घेऊन इंटरनेटवर जाते आणि पाने आणते. पहिले यंत्र ती वाचते व उत्तर देते. कोणत्या पानावरून घेतले, तेही बहुधा खाली लिहिते. हे सारे काही क्षणांत होते.

यातून तीन गोष्टी कळतात.

पहिली, यंत्राला चिठ्ठी पाठवावीशी वाटलीच नाही, तर ते मनातले जुनेच सांगेल. आबांच्या वेळी हेच झाले. म्हणून आपणच बजावावे, "शोधून सांग."

दुसरी, चिठ्ठी नीट नसेल तर कागद भलतेच येतील. नुसते "विम्याला किती पैसे?" असे विचारू नये. राज्य, जिल्हा, पीक, हंगाम आणि साल सांगावे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. ती पुढे सांगतो.

शिपाई आणील ते सगळे खरे नसते

शिपाई कागद आणतो. कागद खरा की खोटा, हे शिपायाला काय ठाऊक? इंटरनेट म्हणजे मोठा बाजार आहे. तिथे सरकारी कागद आहे, तशी चावडीवरची थट्टाही आहे. आणि भामटेही आहेत.

२०२४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत गूगल कंपनीने शोधाच्या वर यंत्राचे उत्तर द्यायला सुरुवात केली. पिझ्झा नावाची एक जाड रोटी असते. तिच्यावर चीज घालतात. ते चीज घसरू नये म्हणून काय करावे, असा प्रश्न होता. यंत्राने सांगितले, रश्शात थोडा डिंक मिसळा. तोही कागद चिकटवायचा! कोणीतरी बऱ्याच वर्षांपूर्वी इंटरनेटवर थट्टा केली होती. यंत्राने ती शोधून काढली आणि खरी मानली. जग हसले. कंपनीला दुरुस्ती करावी लागली.

म्हणजे पाहा, न्यूयॉर्कचे यंत्र शोध न घेता चुकले आणि हे शोध घेऊन चुकले.

थट्टेचे एक वेळ सोडा. भामटे बँकेच्या नावाने खोटे फोन नंबर इंटरनेटवर टाकून ठेवतात. यंत्राने तसा नंबर आणून दिला आणि आपण फोन केला, तर भामटाच उचलतो. गोड बोलतो आणि ओटीपी मागतो. ओटीपी दिला की खाते रिकामे. म्हणून बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यावा. ओटीपी तर कोणालाच देऊ नये. फसवणूक झालीच, तर लाजू नये. ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर फोन करावा.

आबा स्वतः वाचतात

आता आबांचे पुढे काय झाले ते सांगतो.

मी नातवाला हाक मारली. म्हटले, "पुन्हा विचार. असे विचार : २०२५ च्या खरिपात, आपल्या जिल्ह्यात सोयाबीनच्या विम्याला शेतकऱ्याने किती भरायचे? शेवटची तारीख कोणती? इंटरनेटवर शोधून सांग आणि सरकारी पान दाखव."

या वेळी यंत्राने शोध घेतला. नवा नियम सांगितला आणि खाली पानाचे नाव दिले. नातू म्हणाला, "झालं की आबा! सांगितलं त्यानं."

मी म्हटले, "झाले नाही. पान उघड आणि मोबाइल आबांच्या हाती दे."

आबांनी चष्मा लावला. मी सांगितले, "आधी पानाचा पत्ता पाहा. शेवटी जी, ओ, व्ही, मग टिंब, मग आय, एन अशी इंग्रजी अक्षरे असली, तर पान सरकारचे. मग साल पाहा. मग मजकूर." इंग्रजी अक्षरे नातवाने ओळखली. बाकीचे आबा बोट ठेवून वाचू लागले. "ख-री-प... दोन हजार पं-च-वीस." मग थांबले. पुन्हा वाचले. "शे-व-ट-ची ता-री-ख... एकतीस जुलै."

आबांनी वर पाहिले. "गुरुजी, अजून पाच दिवस हायेत की!"

सुनेने बचत गटातून पैसे उचलले. दुसऱ्याच दिवशी आबांनी हप्ता भरला. पावती घेतली. पावतीवरचे आपले नाव, गट नंबर आणि पीकही त्यांनी तिथेच उभे राहून वाचून पाहिले.

जाता जाता आबा मला म्हणाले, "गुरुजी, मशीनच सगळं वाचून दाखवतंय, तर म्हाताऱ्यानं कशाला शिकायचं, असं मला वाटायचं. आता वाटत न्हाई."

मंडळी, मलाही तेच सांगायचे आहे. यंत्राला बोलता येते, म्हणून निरक्षर माणूसही त्याला विचारू शकतो. पण यंत्र कोणत्या पानावरून बोलले, ते पान कोणाचे, कोणत्या सालचे, हे वाचल्याशिवाय कळत नाही. यंत्राच्या हाती शोधाचे अवजार आले, हे चांगले झाले. तुमच्या हातीही एक अवजार आहे. ते तुम्ही कष्टाने मिळवले आहे. ते वापरा.

ध्यानात ठेवा

१. विचारताना ठिकाण, साल आणि पीक सांगा. "शोधून सांग" असे म्हणा.
२. उत्तर कोणत्या पानावरून आले ते विचारा. पान उघडून नाव व साल स्वतः वाचा.
३. पैशाचे काम असेल, तर कचेरीत किंवा सेवा केंद्रात पुन्हा विचारून घ्या.
४. ओटीपी कोणालाही सांगू नका.

प्रश्न

१. यंत्र "शिळे बोलले" असे गुरुजी का म्हणाले?
२. पाठातला शिपाई म्हणजे कोण? तो काय आणतो? त्याला काय ठाऊक नसते?
३. विम्याची रक्कम ४०,००० रुपये असेल, तर शेकडा २ प्रमाणे हप्ता किती होईल?
४. तुमच्या घरी कोणी यंत्राला काय विचारले? उत्तर खरे की शिळे, हे कसे पाहाल? पाच ओळी लिहा.